पावसाची झड, ओल्या कुंड्या आणि उशाशी पुस्तकं : गप्पांचा नवा धागा

सोनटक्का :
मंडळी, आधीचा धागा इतका लांबला की शेवटच्या पानावर पोचेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरायला व्हायचं. म्हणून हा नवा. नियम जुनेच. बागेवर बोला, बागेत जाता येत नसेल तर हवेवर बोला, हवाही कंटाळवाणी असेल तर काय वाचताय ते सांगा. रुसवेफुगवे खरडवहीत.

झड लागली की कुंड्यांतलं काम थांबतं आणि माझं वाचन वाढतं. या वेळी बागकामावरची सगळी पुस्तकं कपाटातून काढून पुसली, वाऱ्याला ठेवली. ती चाळताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती भांडणासाठी इथे टाकते. बागेवरची पुस्तकं दोन जातींची. एक सांगणारी : अमुक खत तमुक वेळी, पाणी आठवड्यातून दोनदा, ऊन सहा तास. दुसरी बघणारी : लिहिणारा माणूस एका जागी बसून काय चाललंय ते बघत राहतो आणि जे दिसलं ते लिहितो. सांगणारी पाच-दहा वर्षांत शिळी होतात. बघणारी शंभर वर्षांनी उघडा, तशीच ताजी. कारण सांगणाऱ्याने तुमची कुंडी पाहिलेली नसते, तुमच्याकडचं आभाळ पाहिलेलं नसतं, तरी तो 'दोनदा पाणी घाला' म्हणून मोकळा होतो.

खुरपं :
म्हणजे नवशिक्याने कुंडीपुढे मांडी घालून नुसतं बघत बसायचं? तोवर झाडाचे बारा वाजलेले असतील. मी झेंडू सांगणाऱ्या पुस्तकातूनच शिकलो आणि झेंडूने आजवर तक्रार केलेली नाही.

मनीप्लांट :
नवशिक्या हजर आहे :) ताई, काका, वाद चालू द्या, पण मधे माझी शंका घ्या. बाल्कनीतल्या जास्वंदीची पानं दोन दिवस मान टाकून आहेत. बोट घातलं तर माती ओली लागते. घरचे म्हणतायत तहानलीय, पाणी घाल. घालू का?

खुरपं :
नको.

शेवाळ :
खुरप्याने एका शब्दात उरकलं, पण बरोबर आहे. कारण सांगते.

मुळांना पाणी लागतं तसा ऑक्सिजनही लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, मुळं ती घेतात. सलग पावसात त्या सगळ्या फटी पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन फार हळू सरकतो, त्यामुळे मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं असूनही पानांना पाणी मिळत नाही आणि ती तहानल्यासारखीच लोंबतात. वरून बघून दोन्हींत फरक कळत नाही, बोट घालूनच कळतो, आणि ते तुम्ही केलंच आहे. आता कुंडी आडोशाला घ्या, खालची थाळी काढून टाका, भोक बुजलंय का बघा. खत अजिबात नको. भोकातून काडी घालून वास घ्या. नासका, गटारासारखा वास आला तर झाड बाहेर काढून काळी, बुळबुळीत झालेली मुळं कापावी लागतील. ओल्या मातीचा साधा वास असेल तर नुसतं थांबा.

मनीप्लांट :
थाळी काठोकाठ भरलेली होती. ओतली. वास साधाच आहे. धन्यवाद ताई.

बुचाचं फूल :
ती थाळी ओतलीस ते दुहेरी बरं केलंस. डासांचं अंड्यापासून उडेपर्यंतचं सगळं उबदार हवेत आठ-दहा दिवसांत उरकतं. आठवड्यातून एकदा थाळ्या रिकाम्या करायच्या म्हणजे करायच्याच, आणि नुसत्या ओतायच्या नाहीत, घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. पुन्हा पाणी लागलं की हजर.

गच्चीकर :
नमस्कार मंडळी. ढगांचा मुक्काम काही हलत नाही. धाग्याचं उद्घाटन माझ्याविना झालं, तरी आभारी आहे.

कुंडीत पाणी किती जातं याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून थोडं गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक फूटभर तोंडाची कुंडी घ्या. तिचं क्षेत्रफळ चौरस मीटरच्या सात शतांश. ५० मिमी पाऊस पडला की त्या एका कुंडीत साडेतीन लिटर पाणी पडलं. पागोळीखाली असेल तर विचारूच नका. आपण झारीने एवढं एका वेळी कधी घालतो का?

मोजायला यंत्र लागत नाही. सरळ उभ्या भिंतींची काचेची बाटली किंवा डबा, तोंड आणि बूड एकाच मापाचं. उघड्यावर ठेवायचा, वर झाड किंवा छपराची कड नको. रोज ठरलेल्या वेळी पट्टीने खोली मोजायची आणि ओतून टाकायचं. तळ गोलाई घेतलेला असेल तर आधी थोडं पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. एवढंच.

सोनटक्का :
काका, तुम्ही बघणारे. माझ्या पक्षात या.

गच्चीकर :
मी मोजणारा. तिसरा पक्ष.

खुरपं :
तिसऱ्या पक्षाची अनामत जप्त होते काका.

बरं, मनीप्लांट, कुंडी पुन्हा भरशील तेव्हा तळाला दोन बोटं खडी घाल. निचरा होतो. हेही सांगणाऱ्या पुस्तकातलंच आहे, म्हणून सोनटक्काताईंना आवडणार नाही.

शेवाळ :
खडी नको! कुंडीचा धागा निघाला की खडी निघतेच.

बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही. माती ते धरून ठेवते. खडीच्या वरचा थर पूर्ण भिजून संपृक्त झाला की मगच पाणी खडीत गळायला लागतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो चिंब थर असतो तो खडीमुळे जात नाही, उलट खडीच्या उंचीएवढा वर, मुळांच्या जवळ येतो. वर मातीची जागा कमी होते ते वेगळंच.

पटत नसेल तर घरातला भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण बुडवा, बाहेर काढून आडवा, सपाट धरा. भरपूर पाणी गळेल आणि मग थांबेल. गळणं पूर्ण थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. म्हणूनच उथळ पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडीचा निचरा चांगला. निचरा हवा असेल तर मातीच भुसभुशीत करा, जाड वाळू किंवा भाताचं तूस सगळ्या मातीत मिसळा, नुसतं तळाला नको. भोकावर खापरीचा तुकडा चालेल, माती वाहून जाऊ नये म्हणून. पण तो थर नव्हे.

खुरपं :
स्पंज केला. आडवा, उभा. गळला.

...मी खडी घालतच राहणार. कुंडी जड राहते, वाऱ्याने पडत नाही.

सोनटक्का :
वा! हे कारण मात्र मला मान्य आहे. कारण हे तू स्वतः बघितलेलं आहेस, पुस्तकाने सांगितलेलं नाही :D

आणि बघा, माझंच म्हणणं सिद्ध झालं. खडीची गोष्ट एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरत आली, कुणी स्पंज उभा करून बघितला नाही. तसंच ते दुपारचं पाणी. 'पानांवर थेंब राहिले तर भिंगासारखं ऊन एकवटतं आणि पान भाजतं.' किती पुस्तकांत आहे! २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी हे खरोखर तपासलं. गुळगुळीत पानावर थेंब पानाला इतका चिकटून असतो की त्यातून ऊन एकवटण्याचा बिंदू पानाच्या बराच खाली जातो, पान भाजत नाही. लव असलेल्या पानांवर थेंब केसांच्या टोकांवर उचललेला राहतो, तिथे मात्र डाग पडू शकतो. दुपारी पाणी घालू नये याची दुसरी कारणं आहेत, वाफ होऊन वाया जातं वगैरे, पण भिंगाचं कारण बहुतेक पानांना लागू नाही.

बुचाचं फूल :
ताई, तुमचं सगळं पटतं, पण एक सांगू? बघायला वेळ लागतो. सकाळी दहा मिनिटं मिळतात. त्यात पाणी घालायचं, वाळकी पानं काढायची, कपडे दांडीवर की आत ते ठरवायचं. कपड्यांचा प्रश्न तर सध्या बागेपेक्षा मोठा आहे. खोल्यांतून दोऱ्या, पंख्याखाली चादरी, तरी त्यांना तो कुबट वास येतोच. अशा बाईला 'दोनदा पाणी, सहा तास ऊन' असं कुणी सांगितलं तर ती ऐकणारच. बघणं ही चैन आहे.

खुरपं :
+१००

सोनटक्का :
मान्य. वेळेचा मुद्दा खरा आहे. पण तुमच्या घरात बघणारं माणूस आहे ना? सासूबाईंना तुम्ही वाचून दाखवता असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत.

बुचाचं फूल :
हो, त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. संध्याकाळी मी वाचते, त्या ऐकतात. कथा-कादंबरी चालू असेल तर डोळे मिटून ऐकतात. झाडांवरचं असलं की उठून बसतात आणि लेखकाची उलटतपासणी सुरू. परवा एका पुस्तकात आलं, 'मोगऱ्याची छाटणी करावी म्हणजे भरपूर कळ्या येतात'. लगेच, "कधी करावी? विचार त्याला. आत्ता केली तर कोवळी फूट कुजेल." पुढे, "किती करावी? जुनी फांदी की नवी?" पुस्तक गप्प. मग त्यांनीच सांगितलं की मोगऱ्याला नव्या फुटीवर कळी येते, म्हणून थंडी सरता सरता छाटायचा, पानं झाडायची, थोडे दिवस पाणी तोडायचं, मग खत आणि पाणी सुरू करायचं. मी पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं.

सोनटक्का :
तो समास हे खरं पुस्तक. त्याचा फोटो टाका.

बुचाचं फूल :
अक्षर माझं आहे, नको :P

मनीप्लांट :
बघणाऱ्या पुस्तकाचं एक उदाहरण द्या ना ताई. म्हणजे नक्की काय बघतात?

सोनटक्का :
विचारलंस, आता भोग. जरा लांबण लावते.

चार्ल्स डार्विनचं शेवटचं पुस्तक कशावर आहे माहीत आहे? गांडुळांवर. उत्क्रांतीवर जगभर वादळ उठवलेला माणूस, वय ७२, आणि १८८१ साली आयुष्यातलं शेवटचं पुस्तक लिहितो ते गांडुळं माती कशी करतात यावर. पुढच्या एप्रिलात तो गेला. पण विषय म्हातारपणी सुचलेला नाही. गांडुळांवरचा पहिला निबंध त्याने लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे १८३७ मध्ये वाचला होता. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं तो या जिवांवर अधूनमधून नजर ठेवून होता.

काय काय केलं त्याने! माती भरलेल्या कुंड्यांत गांडुळं ठेवली, त्या कुंड्या घरात आणल्या आणि त्यांना ऐकू येतं का ते तपासलं. धातूची कर्कश शिट्टी वाजवली, काही नाही. बसून नावाचं ते जाड आवाजाचं लांब वाद्य वाजवलं, काही नाही. ओरडून झालं. पियानोजवळ कुंड्या ठेवून जोरात वाजवलं, तरी ढिम्म. मग कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि खर्जातला एक स्वर दाबला. दोन्ही कुंड्यांतली गांडुळं झटकन बिळात! आवाज ऐकू येत नाही, पण थरथर कळते.

मग पानं. गांडुळं पानं ओढून बिळाच्या तोंडात खुपसतात हे आपण सगळे बघतो. त्याने प्रश्न विचारला, कुठल्या टोकाने ओढतात? निमुळत्या टोकाने ओढलं तर पान सहज आत जातं. म्हणून त्याने कागदाचे लांबट त्रिकोण कापले, ओले होऊन लुळे पडू नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली, आणि रात्री गांडुळांसमोर टाकले. बहुतेक त्रिकोण अरुंद टोकाने आत ओढलेले सापडले. कागदाचे त्रिकोण! जन्मात कधी न पाहिलेली वस्तू.

आणि हे माझं आवडतं. १८४२ च्या डिसेंबरात त्याने घराजवळच्या एका शेतावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले. मग वाट बघितली. १८७१ च्या नोव्हेंबरात तिथे चर खणला. एकोणतीस वर्षांनी. तुकडे सात इंच खाली, एका रेषेत. वरची सगळी माती गांडुळांनी खालून आणून टाकलेली. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरावर वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा त्याने हिशोब मांडला.

आता सांगा, यात 'गांडूळखत असं करा' हे कुठे आहे? पण हे वाचल्यावर कुंडीत गांडूळ दिसलं की हात आपोआप हळू होतो.

खुरपं :
भारी आहे, खोटं कशाला बोलू. पण ताई, डार्विनला नोकरी नव्हती. घरचा पैसा होता. बसूनवाला मुलगा, पियानोवाली बायको घरात. बुचाचं फूल म्हणतात तेच खरं, बघणं ही चैन आहे. एकोणतीस वर्षं थांबायला भाड्याचं घर नसावं लागतं. मी तर दर दोन-तीन वर्षांनी कुंड्या टेम्पोत भरतो. प्रत्येक घरात उन्हाची दिशा वेगळी. आधीच्या घरात बहरलेली सदाफुली इथे नुसती लांबच लांब वाढली, फूल नाही.

शेवाळ :
लांबलेली म्हणजे उजेड कमी. आपले डोळे इथे फार फसवतात, कारण बुबुळ लगेच जुळवून घेतं. भर दुपारच्या उघड्या उन्हात लाखभर लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. गच्च ढगाळ दिवशी बाहेर साधारण त्याच्या एक दशांश. आणि खिडकीपासून थोडं आत, जिथे आपल्याला वाचायला छान उजेड वाटतो, तिथे काहीशेच. झाडाच्या दृष्टीने तो अंधार. फोनमध्ये उजेड मोजायचं अ‍ॅप मिळतं, आकडा काटेकोर नसला तरी दोन जागांमधला फरक कळतो.

झडीत खत घालू नका म्हणतात ते याचसाठी. उजेड नाही म्हणजे अन्न बनणं मंद, वाढ मंद, पाण्याचा खप कमी. घातलेलं खत वाहून जातं, नाहीतर कोवळी लुसलुशीत फूट येते आणि मावा ही कीड ताव मारते.

गच्चीकर :
खुरप्या, घर बदललं तरी वही बरोबर येते. माझ्या तिसऱ्या पक्षाचा जाहीरनामा ऐक.

इंग्लंडात रॉबर्ट मार्शम नावाचे एक जमीनदार होते. त्यांनी १७३६ पासून नोंदी ठेवायला सुरुवात केली. पहिलं पान कोणत्या झाडाला कधी फुटलं, पहिली पाकोळी कधी दिसली, पहिला बेडूक कधी ओरडला. ते गेल्यावर त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ते चालू ठेवलं, थेट १९५८ पर्यंत. जपानात क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापासूनच्या सापडतात. दरबारी रोजनिशांमध्ये कुणीतरी लिहून ठेवलं होतं की आज बहर बघायला गेलो. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हवामानशास्त्र नव्हतं. आज हवा किती तापली हे दाखवायला त्याच नोंदी कामी येतात, कारण अलीकडे बहर लवकर येतोय.

एका ओळीला किती वेळ लागतो? तारीख, पाऊस, काय फुललं. बस.

सोनटक्का :
काका, हाच बघणाऱ्यांचा पक्ष आहे हो, नुसतं चिन्ह वेगळं.

गच्चीकर :
युतीचं बघू.

बुचाचं फूल :
एका ओळीचं जमेल. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहीन, दुधाच्या हिशोबाशेजारी.

मनीप्लांट :
मराठीत असं बघणारं काही आहे का? इंग्रजी वाचायला बसलं की मला झोप येते. ऑफिसात दिवसभर तेच असतं.

सोनटक्का :
दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. १९५६ चं आहे. बारा महिने, प्रत्येकावर एक लेख. पातळसं पुस्तक आहे पण एका दमात वाचू नये. ज्या महिन्यात आहोत त्या महिन्याचा लेख काढावा, वाचावा, बाहेर बघावं. माझ्या वाचनाची तीच पद्धत आहे आणि मी ती सगळ्यांवर लादते.

गंमत म्हणजे महिन्यांच्या हिशोबाने लिहिलेलं अजून एक आहे, चेक लेखक कारेल चापेक यांचं, १९२९ चं. 'रोबो' हा शब्द ज्याच्या नाटकातून जगभर गेला तोच हा. भाऊ योसेफने चित्रं काढली आहेत. चापेक स्वतः बागवेडा, त्यामुळे चेष्टा सगळी घरचीच आहे. माळ्याला हवा कधीच मनासारखी मिळत नाही, पाऊस पडला तर नको होता, नाही पडला तर हवा होता. आपल्या धाग्याची पानं वाचून लिहिल्यासारखं वाटतं. अनुवाद इंग्रजीत आहे, पण झोप येणार नाही याची हमी.

खुरपं :
मनीप्लांट, ताईंची हमी लेखी घे.

शेवाळ :
अवांतर : वर ओलीच्या वासाचा विषय निघाला म्हणून. पुस्तकं फळीवर गच्च कोंबू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मधे बोटभर फट राहू द्या. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला मोकळं रान. कसर लागते ती पुस्तकबांधणीच्या खळीसाठी, तिला पिठूळ पदार्थ आवडतात. आणि कृपा करून या दिवसांत पुस्तकांत ताजी पानंफुलं ठेवू नका. पानातलं पाणी कागदाला डाग पाडतं आणि बुरशी आमंत्रण न देता येते. वाळवायचीच असतील तर वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवा, वर वजन ठेवा, कागद रोज बदला. रोज. पहिले तीन-चार दिवस हे केलं तर रंग बराच टिकतो.

बुचाचं फूल :
आणि ज्या पुस्तकांना आता कुणी विचारत नाही त्यांचं काय? मुलाची जुनी गाइडं एक खोकंभर आहेत. रद्दीवाला पावसात फिरकत नाही.

खुरपं :
कंपोस्टात. सांगणाऱ्या पुस्तकांचा अंतिम संस्कार.

शेवाळ :
हसू नका, चालतं ते! ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त असतो, कागदात जवळजवळ सगळा कार्बन. कंपोस्टाला कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण पंचवीस-तीसला एक असं लागतं. पावसाळ्यात पालापाचोळा भिजलेला असतो, डब्यात चिखल होतो, वास येतो, चिलटं होतात. तेव्हा फाडलेला कोरडा कागद फार कामाचा. चकचकीत मुखपृष्ठ आणि प्लास्टिकचं वेष्टन काढून टाका, पिना काढा, बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडा. ओल्या कचऱ्याचा एक थर टाकला की वर भरपूर पट्ट्या. अख्खी पानं टाकलीत तर ती एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि आत हवा जात नाही.

बुचाचं फूल :
मुलगा आनंदाने फाडून देईल. गणिताचं आधी म्हणतोय.

गच्चीकर :
ताजी खबर : मघाशी तासभर उघडीप मिळाली. खाली जाऊन आलो. गोगलगायी शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर बसल्या होत्या, हाताने वेचल्या. त्या दिवसा कुंडीच्या कडेखाली दडतात, म्हणून रात्री टॉर्च घेऊन गेलं तर जास्त सापडतात. गुडघा कुरकुरला, पण मातीचा वास छातीभर घेता आला.

शेवाळ :
तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा काका. मातीतले काही जिवाणू ते तयार करतात, आणि आपलं नाक त्याला विलक्षण तीक्ष्ण आहे. २०२० मध्ये एक सुंदर संशोधन आलं. मातीत उड्या मारणारे अगदी बारीक सहा पायांचे जीव असतात, कुंडीला पाणी घातलं की पांढरे ठिपके उडताना दिसतात ते. ते या वासाकडे ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून, पोटातून इकडेतिकडे पसरवतात. म्हणजे वास हा जिवाणूंनी स्वतःच्या वाहतुकीसाठी ठेवलेला आहे. आपण फुकटात घेतो.

मनीप्लांट :
ते पांढरे ठिपके कीड समजून मी औषध शोधत होतो!

शेवाळ :
काही करू नकोस. ते कुजलेलं खातात, झाडाच्या वाटेला जात नाहीत.

बुचाचं फूल :
मंडळी, माझं एक काम. पुढच्या आठवड्यात भावाकडे जायचंय, सगळेच. बाहेरच्या कुंड्यांना पाऊस आहे, पण छपराखालच्या आणि खोलीतल्यांना थेंबही मिळणार नाही. शेजारी पण नाहीत. काय करू?

खुरपं :
वात लाव. बादली भर, कुंड्या तिच्याभोवती गोळा कर, प्रत्येकीला एक दोरी. एक टोक बादलीच्या तळापर्यंत, दुसरं मातीत चार बोटं खोल पुर. बादली विटेवर ठेव म्हणजे पाण्याची पातळी कुंड्यांपेक्षा थोडी वर राहील. दोरी सुती घे, नायलॉनची पाणी ओढत नाही. आणि लावायच्या आधी पूर्ण भिजव, कोरडी दोरी सुरूच होत नाही.

शेवाळ :
अनुमोदन. कुंड्या उन्हातून काढून एकमेकींना खेटून ठेवल्या की पाणी कमी लागतं. कोरफड, स्नेक प्लांट यांना वात नको, त्यांना तसंच सोडा.

गच्चीकर :
निघायच्या आधी दोन दिवस लावून बघ. बादलीवर खडूने खूण कर, एका दिवसात पाणी किती उतरलं ते मोज, मग जितके दिवस जाणार तितक्याने गुण. एक बादली पुरते की दोन ते कळेल. फार भराभर उतरलं तर दोरी बारीक घे.

बुचाचं फूल :
जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या पिळून दोऱ्या केल्यात, भिजवून लावल्या, खूणही केली. सासूबाई म्हणतायत बादलीवर ताट झाक, दोरीपुरती फट ठेव, नाहीतर येईपर्यंत डासांची वसाहत व्हायची.